ऋण काढून सण

या पानावर वर्षभर मी लोकांच्या भाषेतल्या चुका काढीत असतो. कुणी ‘माझी मदत करा’ म्हणाले, कुणी मंगल कार्यालयाच्या पाटीवर ‘आर्शीवाद’ रंगवून घेतला, की माझ्या आठवड्याची सोय झाली. दिवाळी अंकासाठी संपादक चार रकाने जास्त देतात आणि ‘जरा सणासुदीला शोभेल असे लिहा’ अशी चिठ्ठीही जोडतात. यंदा मी त्यांची क्षमा मागून कर्जाविषयी लिहिणार आहे. सणाच्या तोंडावर कर्जाचे नाव काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण आपल्या भाषेने ‘ऋण’ आणि ‘सण’ यांची जोडी फार पूर्वीच जुळवून ठेवली आहे, तिला मी काय करू?

‘ऋण काढून सण’ हे शब्द आमच्या घरात शिवीसारखे वापरले जात. आमचे अण्णा एका छापखान्यात हिशेबनीस होते. दिवसभर दुसऱ्याचे जमाखर्च लिहून घरी आले, की जेवणानंतर ते स्वतःची वही काढीत. तिच्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा चुकत नसे. कर्ज म्हणून ते फक्त एकच ओळखत, किराणा दुकानातले खाते. आणि तेही महिन्याच्या पहिल्या तारखेला पुरे करून आल्याशिवाय ते चहा घेत नसत. आळीत कुणाकडे नवी वस्तू आली की ते एवढेच विचारीत, “रोख की कसे?” ‘कसे’ या शब्दात जो तुच्छभाव असे, तो मी आजवर कुठल्याही नटाच्या तोंडून ऐकलेला नाही.

या अण्णांनी आयुष्यात एकच चैन केली. त्यांनी स्कूटर नोंदवली. १९७२ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून चेतक नावाची स्कूटर निघू लागली होती, आणि तिच्यासाठी लोक दहा-दहा वर्षे थांबत. आमची स्कूटर माझ्या जन्माआधी नोंदवली होती. ती १९८७ साली, मी दुसरीत असताना, दारात आली. अण्णांनी तिला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, आळीत पेढे वाटले. एका आजोबांनी सवयीने विचारले, “रोख की कसे?” अण्णा म्हणाले, “नोंदवताना पैसे भरले तेव्हा डोक्यावर केस होते, आता पाहा.”

गंमत अशी, की त्याच १९८७ साली त्याच आकुर्डीत आणखी एक गोष्ट जन्माला आली. दुचाकी आणि तिचाकी गाड्या हप्त्यांवर घेता याव्यात म्हणून बजाज ऑटो फायनान्स नावाची कंपनी निघाली. अण्णांना तिचा पत्ताही नव्हता. असता तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. पुढे २००७ साली आकुर्डीच्या कारखान्यातले गाड्यांचे उत्पादन थांबले, आणि त्याच साली पैशाचा व्यवहार गाड्यांपासून वेगळा काढून बजाज फिनसर्व्ह ही कंपनी उभी राहिली. मूळच्या फायनान्स कंपनीच्या नावातला ‘ऑटो’ २०१० साली गेला. जिथे लोखंडाची पत्रे वाकवली जात, त्या पत्त्यावर आता देशभरच्या कर्जांची नोंद असते. अण्णांच्या काळी माणूस आधी पैसे भरी आणि मग वस्तूची वाट पाही. आता वस्तू आधी घरी येते आणि पैशांची वाट कंपनी पाहते. चाळीस वर्षांत एवढाच फरक पडला. पण तो केवढा!

हे सारे माझ्या ध्यानात आणून दिले ते आमच्या शेजारच्या काकांनी. काका एका सरकारी बँकेतून निवृत्त झाले आहेत. जून २०२३ मधली गोष्ट. सकाळी दार वाजले. काका वर्तमानपत्र झेंड्यासारखे धरून उभे.

“अहो प्राध्यापक, वाचलंत का? बजाज फिनसर्व्हचा राज्य सरकारशी करार झाला. मुंढव्याला पाच हजार कोटी घालणार. चाळीस हजार नोकऱ्या म्हणतायत!”

“चांगलं आहे की.”

“चांगलं काय म्हणता! आमच्या वेळी चाळीस जागा निघाल्या तरी पेढीच्या दारात जत्रा भरायची.”

मग काकांनी कागदावर भागाकार करून दाखवला. ५,००० कोटी भागिले ४०,०००, म्हणजे एका नोकरीमागे साडेबारा लाखांची गुंतवणूक. बँकेतला माणूस निवृत्त झाला तरी भागाकार सोडत नाही.

काकांचा उत्साह मला समजत होता. पुण्याला पैशाच्या नोकरीचे वेड जुने आहे. कॉसमॉस बँक १९०६ सालची, बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ सालची; दोन्ही इथल्याच. आमच्या लहानपणी मुलगा ‘बँकेत चिकटला’ की त्याच्या लग्नाची बोलणी सुरू होत. ‘चिकटला’ हे क्रियापद पाहा. कारखान्यात माणूस लागतो, शाळेत रुजू होतो, पण बँकेत तो चिकटतो. आणि चिकटला की सुटत नाही. आता जुन्या पेढ्यांच्या जोडीला खराडी, विमाननगर, हिंजवडी या भागांत बार्कलेज, डॉइश बँक अशा परदेशी बँकांची कामे चालणारी काचेची कार्यालये आली आहेत. आणि मुंढवा! नदीकाठचे ते गाव एरवी भारत फोर्जमुळे कानावर यायचे. तिथे तापलेल्या लोखंडावर घण पडत. आता तिथे आकड्यांवर बोटे पडणार.

मी काकांना म्हणालो, “सगळं खरं. पण या चाळीस हजारांत मराठीच्या एम.ए.ला कोण विचारणार?”

काका चटकन काही बोलले नाहीत. माझ्या खात्याची स्थिती त्यांना ठाऊक आहे. आमच्या एम.ए.च्या वर्गात गेल्या वर्षी अकरा मुले होती, आणि त्यांतली दोन पावसाळ्यापासून दिसली नव्हती.

माझ्या प्रश्नाचे उत्तर वर्षभराने पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ती माझी जुनी विद्यार्थिनी. बारामती तालुक्यातली, सुप्याच्या जवळच्या एका वस्तीवरची. आजीच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर तिने प्रबंधिका लिहिली होती, आणि ती वाचताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला होता. एम.ए. झाल्यावर तिने तीन वर्षे दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवले. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान. जितके तास घ्याल तितके पैसे, सुट्टीत काही नाही, आणि जे मिळायचे ते कधी मिळेल हे विचारायचे नाही.

“सर, नोकरी लागली.”

“वा! कुठल्या महाविद्यालयात?”

“महाविद्यालयात नाही, सर. कलेक्शनमध्ये.”

मला फार आनंद झाला. “ओव्यांचं संकलन? कुठली संस्था करतेय?”

ती हसली आणि लगेच गंभीर झाली. “ओव्यांचं नाही, सर. हप्त्यांचं.”

एका फायनान्स कंपनीत तिला जागा मिळाली होती. कंपनी मुंढव्याची नव्हे, वेगळीच. नाव सांगण्याचे कारण नाही. अशा कंपन्या वाढतात तशा त्यांच्या नोकऱ्याही अनेक परींच्या होतात. कुणी कर्ज मागणाऱ्याचे कागद तपासतो, कुणी त्याची ऐपत जोखतो, कुणी लबाडी हुडकतो, कुणी यंत्रांची निगा राखतो. आणि कुणीतरी, ज्याचा हप्ता चुकला, त्याला फोन करतो. महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत कर्जे वाटली होती, आणि कर्जदाराशी शुद्ध, स्वच्छ आणि समजेल अशा मराठीत बोलणारी माणसे कंपनीला हवी होती. ज्या मराठीला विद्यापीठाच्या परिसरात तासाच्या हिशेबाने पैसे मिळत होते, तिला तिथे महिन्याच्या शेवटच्या दिवशी न चुकता पगार मिळणार होता. वडिलांनी विहिरीसाठी काढलेले कर्ज होते, धाकट्या भावाचे शिक्षण होते. मी पेढा तोंडात घातला. तो गोडच होता.

ती गेल्यावर मला तुकोबा आठवले. वर्गात दरवर्षी मी त्यांची कथा सांगतो. घरची महाजनकी, दुकान, लोकांकडे येणी. दुष्काळ पडला आणि सगळे बुडाले. पुढे त्यांनी घरातली खतपत्रे काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली, असे चरित्रकार सांगतात. आकुर्डीपासून देहू लांब नाही. आणि सुपे? १२ मे १८७५ या दिवशी, बाजाराच्या दिवशी, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्या दंग्यांत लोकांनी माणसांवर फारसे हात टाकले नाहीत. त्यांचा राग कागदावर होता. त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या सुप्याच्या मातीतली मुलगी आता वसुलीच्या खात्यात. मी मनात म्हटले, बाबा रे, तू जर हे व्याख्यानात सांगितलेस तर टाळ्या पडतील. पण तिच्या विहिरीचे कर्ज तू फेडणार आहेस का? मी गप्प बसलो.

काही महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा हातात एक कागद होता.

“सर, हे आमचं स्क्रिप्ट. फोनवर हे वाचायचं असतं. मराठी नीट करून द्याल?”

स्क्रिप्ट असे होते : ‘नमस्कार, माझे बोलणे अमुक यांच्याशी होत आहे का? सर, आपले पेमेंट ओव्हरड्यू दाखवत आहे. कृपया आपण ते लवकरात लवकर क्लिअर करून घ्या, अन्यथा त्याचा परिणाम आपल्या क्रेडिट स्कोअरवर होऊन जाईल.’

वाचक हो, हे वाचून मला काय वाटले ते तुम्ही जाणताच. मी लाल पेन काढले. तिला सांगितले, ‘होऊन जाईल’ हे मराठी नव्हे. ‘करून घ्या’ म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी करवून घ्या. ‘कृपया’ हा शब्द भिंतीवरच्या पाटीला शोभतो. माणूस माणसाशी बोलताना तो काढीत नाही. मग शब्दांची गोडी लागली तसा मी वाहवलोच. म्हटले, पाहा, देण्याघेण्याचे आपले कितीतरी शब्द परके आहेत. ‘कर्ज’ अरबी, ‘वसूल’ अरबी, ‘तगादा’ही तिकडचाच. ‘हप्ता’ फारसी, त्याचा मूळ अर्थ नुसता आठवडा. ‘व्याज’ मात्र संस्कृत, पण त्याचा जुना अर्थ काय? निमित्त, कपट! म्हणून तर ‘निर्व्याज’ म्हणजे निष्कपट. ती हसून ऐकत होती. वर्गातही ती अशीच ऐके.

तिनेही मला तिच्या कार्यालयाची भाषा शिकवली. चुकलेली कर्जे तिथे ‘बकेट’मध्ये टाकतात.

“बादलीत?”

“हो सर. तीस दिवसांपर्यंत एक बकेट, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. नव्वद दिवस उलटले की कर्ज अनुत्पादक.” माणसाने अमुक तारखेला भरतो असे कबूल केले की त्याला ‘पीटीपी’ म्हणतात. वेळेचीही शिस्त असते. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. पूर्वीचा सावकार दारात धरणे धरून बसे, त्याला घड्याळ नव्हते. एवढी सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे.

शेवटी मी तिचा मजकूर असा करून दिला : ‘नमस्कार. मी अमुक कंपनीतून बोलते. आपल्या खात्यावर या महिन्याचा हप्ता अजून जमा झालेला दिसत नाही. काही अडचण आली आहे का?’

तो शेवटचा प्रश्न माझा. मूळ कागदात तो नव्हता. मला त्याचा फार अभिमान वाटला. चार शब्द वाढवून मी तगाद्याची चौकशी करून टाकली, असे मी त्या रात्री सौभाग्यवतींना दोनदा सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, झोपा आता.” कंपनीलाही मजकूर पसंत पडला, असे पुढे कळले. एका शाखेत प्रयोग केला, वसुली वाढली, मग सगळ्या मराठी फोनांना तोच लागू झाला. माझ्या एकाही निबंधाच्या इतक्या आवृत्त्या निघालेल्या नाहीत.

आता माझी गोष्ट.

यंदा वैशाखात आमच्या फ्रिजने मान टाकली. दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, “रोख की ईएमआय?” मला अण्णा आठवले. पण दुकानदार लगेच म्हणाला, “दहा हप्ते, व्याज शून्य, सर. रोख देऊन काय फायदा?” शून्य व्याज म्हटल्यावर अण्णांचा फोटोसुद्धा भिंतीवर शांत राहील असे मला वाटले. मी सह्या केल्या. घरी आल्यावर काकांनी विचारले, “एकरकमी दिले असते तर तो किती सोडणार होता, ते विचारलंत?” मी विचारले नव्हते. काकांनी मग समजावले. पैसे उसने देणारा फुकट देत नाही; त्याचे व्याज वस्तू बनवणारा किंवा विकणारा आपल्या सवलतीतून भागवतो, म्हणजे रोखीच्या गिऱ्हाइकाला जे सुटले असते ते इथे जाते. रिझर्व्ह बँकेने तर २०१३ सालीच बँकांना सांगितले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण मी दहावीच्या मुलांना अर्थासकट शिकवली आहे. कर्ज बिनव्याजी होते. पण निर्व्याज नव्हते!

पहिले दोन हप्ते सुरळीत गेले. मग आमच्या महाविद्यालयाने पगाराची खाती एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवली. नव्या खात्यात पगार आला. जुन्या खात्यात, जिथून फ्रिजचा हप्ता कापला जायचा, तिथे दोनशे तेरा रुपये उरले. मला भान राहिले नाही. तिसरा हप्ता परत गेला.

श्रावणातल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला फोन वाजला. मी सज्जात बसून चहा घेत होतो. समोर काका कुंडीला पाणी घालीत होते.

“नमस्कार. मी अमुक कंपनीतून बोलते. आपल्या खात्यावर या महिन्याचा हप्ता अजून जमा झालेला दिसत नाही. काही अडचण आली आहे का?”

माझेच वाक्य. माझाच स्वल्पविराम. आवाज माझ्या विद्यार्थिनीचा नव्हता. कुणीतरी वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. मी हसायला हवे होते. पण खरे सांगतो, माझे कान तापले. मी उठून आत गेलो आणि दार लोटून घेतले, कारण काका ऐकतील.

जुना मजकूर असता तर मी संतापलो असतो. ‘क्लिअर करून घ्या’ म्हणणाऱ्याला दोन शब्द सुनावून मी मोकळा झालो असतो. पण ‘काही अडचण आली आहे का?’ याला काय उत्तर द्यायचे? अडचण नाही म्हणावे तर मी बेफिकीर ठरतो. आहे म्हणावे तर घरातली गोष्ट परक्या मुलीला सांगावी लागते. मी ज्याला फुंकर समजलो होतो, ते त्या सबंध मजकुरातले सर्वांत बोचणारे वाक्य होते. माझी अडचण दोनशे तेरा रुपयांची, तीही विसराळूपणाची. पण ज्याच्या घरात खरोखर आजारपण असेल, ज्याची नोकरी सुटली असेल, त्याला हा प्रश्न कसा लागत असेल?

मी पडलेल्या आवाजात खात्याचा घोळ सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती मुलगी कागद बाजूला ठेवल्यासारखी बोलली, “होतं असं, काका. माझ्या बाबांचंपण असंच झालं होतं. आज भरून टाका, नि नव्या खात्याचा फॉर्म देऊन या, म्हणजे पुन्हा नाही व्हायचं.”

‘होतं असं, काका.’ मी एम.ए., वीस वर्षांचा अनुभव, लाल पेन. मला हे वाक्य सुचले नव्हते.

त्याच दिवशी मी हप्ता भरला, वर दंडाचे पैसे भरले. सौभाग्यवतींना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त फ्रिजकडे पाहिले.

दसऱ्याला माझी विद्यार्थिनी सोने द्यायला आली. आपट्याचे पान माझ्या हातात ठेवून वाकली. बरी दिसत होती. विहिरीचे कर्ज निम्म्यावर आले होते, भाऊ पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि ती स्वतः आता दहा मुलींच्या गटाची प्रमुख झाली होती. मी तिला माझ्या फोनाची हकिकत सांगितली. ती आधी खळखळून हसली. मग पानाशी चाळा करीत म्हणाली,

“सर, तुम्हाला सांगायचंच होतं. त्या प्रश्नाला लोक उत्तर देतात.”

“म्हणजे?”

“खरंच अडचण सांगतात. बाई दवाखान्यात आहे, पोराची फी भरायची होती, कांद्याला भाव नाही. कुणी कुणी रडतात. आणि आमच्याकडे एका फोनला तीन मिनिटं धरलेली असतात. विचारायला सांगितलंय, पण ऐकायला वेळ दिलेला नाही.”

मी काय बोलणार? व्याकरण तपासताना मी घड्याळाचा विचार केलाच नव्हता. मजकुरात मी माणुसकी घातली, कंपनीने तिच्यातून वसुली वाढवली, आणि दोन्हींच्या मधली किंमत दहा-वीस हजारांच्या पगारावर त्या मुली आपल्या कानांनी चुकवीत होत्या.

“मग तो प्रश्न काढून टाकू या का?” मी विचारले. “मी लिहून देतो दुसरं काहीतरी.”

तिने मान हलवली. “नको, सर. राहू दे. तो नव्हता तेव्हा लोक शिव्या द्यायचे आणि आम्ही त्या मोजायचो. आता निदान बोलतात. मी माझ्या मुलींना सांगितलंय, कुणी सांगायला लागलं तर मध्ये तोडायचं नाही. आमच्या गटाचे फोन दिवसाला कमी भरतात. वरून विचारतात, कमी का? मी सांगते, पीटीपी बघा आमचे. माणसं शब्द पाळतात.”

“आणि वरचे ऐकतात?”

“अजून तरी ऐकतायत.”

तिने चिवडा संपवला, बशी स्वतः आत नेऊन ठेवली, आणि निघाली. जिन्यात तिला काका भेटले. त्यांनी तिची चौकशी केली आणि वर येऊन मला म्हणाले, “तुमचीच ना ही विद्यार्थिनी? चांगली चिकटली हो!” मी ‘हो’ म्हणालो.

पूर्वी मला वाटे, कर्जदाराची बाजू तुकोबांनी घेतली, सुप्याच्या शेतकऱ्यांनी घेतली, आता कोण घेणार? आता वाटते, फोनच्या या टोकाला बसलेल्या मुलींपैकी काही जणी ती घेत असतील, तीन मिनिटांतली चार मिनिटे करून. मुंढव्याला चाळीस हजार खुर्च्या मांडायच्या आहेत. त्या भराव्यात, त्यांवर सुप्याची, शिरूरची, इंदापूरची मुले बसावीत, आणि त्यांचा पगार वेळेवर व्हावा. माझी एवढीच सूचना आहे, की खुर्चीमागे साडेबारा लाखांचा भागाकार करताना त्यात एखादे जास्तीचे मिनिटही धरावे.

लक्ष्मीपूजनाला आम्ही अजून अण्णांची जुनी वही पाटावर मांडतो. यंदा तिच्या कोऱ्या पानावर मी फ्रिजचे उरलेले पाच हप्ते तारखांसकट लिहिले आहेत. पाच तारखेला खात्यात पैसे आहेत की नाहीत, हे मी आता चार तारखेलाच पाहतो. दंडाची भीती नाही असे नाही. पण त्याहून अधिक मला वाटते, की त्या मुलीला माझे वाक्य मलाच पुन्हा वाचून दाखवावे लागू नये. तिची ती तीन मिनिटे ज्याला खरोखर अडचण आली आहे त्याच्या वाट्याला जावीत.